हाताची ठेव

संगणक अगर मोबाइल विकत घेतांना लोक विशिष्ट कंपनीचाच आग्रह कां धरतात, ह्या प्रश्नास सामान्यतः दोन उत्तरें देण्यांत येतात. कोणी तो गुणांचा विचार समजतात, तर कोणी केवळ मिरविण्याची हौस. दोहोंतही तथ्य आहे. परंतु टाइपरायटरचा इतिहास पाहिला असतां तिसरें व अधिक बलवत्तर कारण दृष्टीस पडतें.

बंदुकांबद्दल प्रसिद्ध असलेल्या रेमिंग्टन ह्या अमेरिकन कारखान्यानें १८७४ मध्यें शोल्स ह्या संशोधकाचा टाइपरायटर बाजारांत आणला. त्यावरील अक्षरांची मांडणी हातीं बसण्यास महिने लागत. पण एकदां हात बसला कीं दुसरी मांडणी नकोशी होई. १९५५ सालीं मुंबईच्या गोदरेज कंपनीनें स्वदेशी टाइपरायटर काढला. कारखाना आपला झाला. इंग्रजी अक्षरांची मांडणी मात्र जुनीच राहिली. ती बदलली असती, तर यंत्र घेणाऱ्या कचेऱ्यांनीं टंकलेखक कोठून आणावयाचे?

कल्याणपलीकडील आंबिवलीसारख्या गांवांतून रोज आगगाडीनें मुंबईच्या कचेऱ्यांत जाणाऱ्या पिढीस हें समजावून सांगावयास नको. टायपिंगची परीक्षा हा नोकरीचा एक भरवशाचा मार्ग होता. क्लासची फी व सरावाचे तास ही त्या घरांची ठेवच होती; ती बँकेंत नसून मुलामुलींच्या बोटांत होती.

पुढें संगणक आला. १९८६ मध्यें भारत सरकारनें इनस्क्रिप्ट ही मांडणी प्रमाण ठरविली. तींत स्वर डावीकडे व व्यंजनें उजवीकडे असून, मराठीसाठीं शिकलेला क्रम बंगाली वा कन्नड लिपीसही उपयोगी पडतो. मांडणी निःसंशय अधिक शास्त्रशुद्ध. तथापि जुना हात असलेल्यांसाठीं मराठी संगणकांत रेमिंग्टनच्या नांवाची मांडणीही ठेवावी लागली. यंत्र गेलें, सवय उरली. ह्या लोकांस हट्टी म्हणणें सोपें आहे. पण आपली ठेव बुडूं न देणें हा हट्ट नव्हे.

मोबाइलच्या बाबतींतही हेंच घडतें. २००७ मध्यें आयफोन आला आणि २००८ मध्यें अँड्रॉइडचा पहिला फोन. दोहोंच्या चाहत्यांचा वाद गुणांवर चालतो; परंतु सांठविलेलीं छायाचित्रें, जुने निरोप व बोटांच्या खुणा हीं सर्व दुसऱ्या घरीं न्यावयाचीं म्हणजे केवढा खटाटोप! ज्यास आपण निष्ठा म्हणतों, तींतील बराच भाग अडकून पडण्याचा असतो.

ह्याची कसोटी आपल्या देशांत एकदां झाली आहे. जानेवारी २०११ पासून क्रमांक न बदलतां सेवा देणारी कंपनी बदलण्याची मुभा देशभर मिळाली. तोंवर आप्तांना व गिऱ्हाइकांना ठाऊक असलेला क्रमांक जाईल, ह्या भीतीनें कित्येक जण नावडत्या कंपनीसही चिकटून राहत. वाट मोकळी झाल्यावर राहणाऱ्याच्या राहण्यासही अर्थ आला. ग्राहकाची खरी आवड ओळखावयाची असेल, तर तो काय घेतो एवढेंच पाहून भागत नाहीं. सोडूं म्हटल्यास त्यास तें सोडतां येतें कीं नाहीं, हें आधीं पाहावें.