कोरोनाकाळात वर्धा जिल्ह्यातील भीमगीत गायक-वादकांची रोजी

वर्धा जिल्ह्यातील भीमगीत गायक, ढोलकीवाले, पेटीवाले आणि कोरसवाले यांच्या कमाईचे दिवस मुळात थोडे. १४ एप्रिलची भीमजयंती, मागोमाग बुद्धपौर्णिमा आणि त्याच सुमारास लग्नसराई. सगळ्याच गावांत कार्यक्रम एकाच रात्री होत नाही. वर्गणी जमेल तशी तारीख ठरते, म्हणून एका गायन पार्टीला हंगामात बरीच गावे मिळतात. दुसरा, लहान हंगाम धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा. बाकी महिने अनेकांचे शेतमजुरीत, कापूस वेचण्यात जातात.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली. तिचा पहिला टप्पा संपायचा होता नेमका १४ एप्रिलला, पण ती वाढली. मे उजाडेपर्यंत वर्धा जिल्ह्यात एकही रुग्ण नव्हता, तरी मंच बंदच. ७ मेची बुद्धपौर्णिमा घरातच साजरी झाली. पुढच्या वर्षी १४ एप्रिललाच रात्री आठपासून राज्यात संचारबंदी आली आणि आठवडाभरात लग्नाला २५ माणसे व दोन तास एवढीच मुभा राहिली. २५ जणांच्या लग्नात गाणारी पार्टी कोण बोलावणार? सलग दोन वर्षे टाळेबंदी बरोबर हंगामावरच आली.

सुपारी बहुधा तोंडी ठरते. इसार म्हणून मिळालेले पैसे साज दुरुस्तीत आणि घरात आधीच खर्च होतात. कार्यक्रम रद्द झाला की ते परत द्यायचे की पुढच्या वर्षी वळते करायचे, हा वाद गावच्या ओळखीवरच मिटवावा लागतो. काही गायक मोबाईलवरून थेट गायले. त्यातून गायकाचे नाव टिकले, पण रोजाने वाजवणाऱ्या ढोलकीवाल्याच्या हाती काय आले?

२०२१ मध्ये राज्य सरकारने प्रयोगात्मक कलांच्या कलाकारांसाठी एकरकमी ५ हजार रुपयांची मदत मंजूर केली. मदत मागायची तर आपण कलाकार आहोत हे कागदावर दाखवावे लागते. गायकाचे नाव निदान पत्रिकेवर असते, साथीदारांचे तेही नसते. ज्येष्ठ कलावंतांचे मानधन पन्नाशीनंतरचे, त्यामुळे तिशीतला वादक तिथेही बसत नाही.

आमच्या मते यातले एक काम जयंती मंडळांना आजच करता येईल: सुपारी देताना मंडळाच्या लेटरहेडवर तारीख, ठिकाण, ठरलेली रक्कम आणि ढोलकीपासून कोरसपर्यंत प्रत्येकाचे नाव लिहून, सही-शिक्का मारून एक प्रत पार्टीला द्यावी.