डूमपासून राजीपर्यंत : गेम इंजिनाची बांधणी आणि त्यातले संगीत

पडद्यावर चित्र उमटवणे, कळ दाबताच पात्र हलवणे, प्रसंगानुसार संगीत वाजवणे ही कामे व्हिडिओ गेममधला जो प्रोग्राम करतो, त्याला गेम इंजिन म्हणतात. नकाशे, चित्रे, चाली हा खेळाचा ऐवज वेगळा असतो आणि इंजिन तो फक्त हाताळते. ही फारकत ठळकपणे रुजवली ती ‘डूम’ या गेमने. टेक्सासमधल्या इड सॉफ्टवेअरने तो १० डिसेंबर १९९३ रोजी प्रसिद्ध केला. त्यात सगळा ऐवज ‘वॅड’ नावाच्या फाइलीत होता आणि चालवणारा प्रोग्राम तिच्याबाहेर. म्हणूनच तीस वर्षांनंतरही तीच वॅड फाइल घेऊन नवे इंजिन उभे करता येते. मात्र इंजिनाचे दोन भाग इतरांपेक्षा लवकर जुने होतात. एक म्हणजे सोर्स कोडपासून चालता प्रोग्राम तयार करण्याची रीत, म्हणजे बिल्ड, आणि दुसरा म्हणजे संगीत वाजवण्याची यंत्रणा.

बिल्डची कुळकथा गेमच्या बरीच आधी सुरू होते. मोठा प्रोग्राम शेकडो फाइलींत विभागलेला असतो. प्रत्येक फाइल कंपाइल करायची आणि मग सगळ्या एकत्र जोडायच्या. १९७६ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये स्टीव्ह जॉन्सन हे प्रोग्रामर सकाळभर एका चुकीच्या मागे लागले होते. चूक केव्हाच दुरुस्त झाली होती, पण दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कंपाइलच झाली नव्हती. हे ऐकून त्यांचे सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ हे साधन लिहिले. कोणती फाइल कोणत्या फाइलीवर अवलंबून आहे हे एका ‘मेकफाइल’मध्ये नोंदवायचे. मग मेक फाइलींच्या वेळा ताडून पाहतो आणि जेवढे बदलले असेल तेवढेच पुन्हा कंपाइल करतो. मेकफाइलमधल्या आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू व्हावी लागते, तिथे नुसती मोकळी जागा चालत नाही. ही खोड काढून टाकावी असे फेल्डमन यांना लवकरच वाटले होते, पण तोवर मेक वापरणारे डझनभर लोक झाले होते आणि त्यांची गैरसोय करणे त्यांना नको होते. तो टॅब आजही तसाच आहे.

पुढे युनिक्सच्या अनेक जाती झाल्या आणि एकच मेकफाइल सगळीकडे चालेना. त्यावर १९९१ मध्ये ऑटोकॉन्फ आणि काही वर्षांत ऑटोमेक आले. संगणकावर काय आहे आणि काय नाही याची तपासणी करून ही साधने त्या जागेपुरती मेकफाइल तयार करतात. विंडोजवर मात्र त्यांचा निभाव लागणे कठीण होते. ती उणीव भरून काढली ‘सीमेक’ने. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने वैद्यकीय प्रतिमांवर काम करणाऱ्या एका सॉफ्टवेअर संचासाठी पैसा दिला होता. त्या कामातून किटवेअर कंपनीने २००० च्या सुमारास सीमेक घडवला. तो स्वतः काहीच कंपाइल करत नाही. एकाच वर्णनावरून तो कुठे मेकफाइल, कुठे व्हिज्युअल स्टुडिओचा प्रकल्प, तर कुठे २०१२ मध्ये आलेल्या चपळ ‘निन्जा’साठीच्या फाइली लिहून देतो. शरीराच्या स्कॅनसाठी जन्मलेले हे साधन पुढे गेमच्या जगात इतके रुळले, हा या इतिहासातला सुखद योग आहे.

संगीताच्या बाजूला प्रवास उलटसुलट झाला. १९८३ मध्ये ठरलेल्या ‘मिडी’ या मानकाच्या फाइलीत ध्वनी नसतो. कोणता स्वर कधी लावायचा, किती जोराने, किती वेळ, एवढ्याच सूचना असतात. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकातल्या स्वरलिपीसारखेच हे आहे, कारण कागदावर बंदिश असते पण गळा कोणाचा हे कागद सांगत नाही. गळा पुरवायचा तो साउंड कार्डाने. १९८७ च्या अ‍ॅडलिब कार्डावर यामाहाची वायएम ३८१२ ही चिप होती आणि ती एका वेळी नऊ स्वर काढू शके. साउंड ब्लास्टर कार्डानेही तीच चिप घेतली. डूमसाठी बॉबी प्रिन्स यांनी रचलेल्या चाली ‘मस’ नावाच्या मिडीच्या आटोपशीर भावंडात साठवल्या होत्या. त्यात सेकंदाचे १४० भाग धरलेले असत आणि अख्खी चाल मोजक्या किलोबाइटांत मावे.

सूचनांच्या रूपातल्या संगीताचा मोठा फायदा लवचिकपणाचा. ल्युकासआर्ट्समध्ये मायकेल लँड आणि पीटर मॅककॉनेल यांनी ‘आयम्यूज’ ही यंत्रणा बांधली आणि १९९१ च्या ‘मंकी आयलंड २’ मध्ये ती प्रथम वापरली. नायक एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेला की ताल न मोडता वाद्ये बदलत आणि चाल दुसरे वळण घेई. प्रसंग किती वेळ चालेल हे ठाऊक नसण्याची अडचण चित्रपटाच्या संगीतकाराला कधी आली नव्हती. पुण्याच्या प्रभात स्टुडिओत १९३७ साली ‘कुंकू’ करताना केशवराव भोळ्यांनी पार्श्वसंगीत वगळून दृश्यातल्याच आवाजांवर सारी मदार ठेवली. तो निर्णय धाडसी होता, पण प्रत्येक दृश्य किती लांबीचे हे त्यांना ठाऊक होते. गेममध्ये प्रसंग दहा सेकंद चालेल की दहा मिनिटे, हे खेळणारा ठरवतो.

बांधणी आणि संगीत या दोन्ही धाग्यांची गाठ पडली ती १९९७ च्या डिसेंबरात. इड सॉफ्टवेअरने डूमचा सोर्स कोड खुला केला. डूम विकला गेला होता डॉसवर, पण डॉसवरचा आवाज पॉल रॅडेक यांच्या ‘डीएमएक्स’ या लायब्ररीतून येत होता आणि तिचे हक्क इडकडे नव्हते. त्यामुळे इडचे प्रोग्रामर जॉन कारमॅक यांनी लिनक्सवरचा कोड दिला. त्यात बंदुकीचे आवाज एका वेगळ्या साउंड सर्व्हरकडे सोपवलेले होते. संगीताची फंक्शने होती, पण आतून रिकामी. इंजिन चाल सुरू करण्याची आज्ञा देई आणि काहीच वाजत नसे. जगभर वाखाणलेल्या या इंजिनाला खुले होताना संगीत मागे ठेवावे लागले, याला कारण तंत्राची मर्यादा नव्हती, परवाना होता. १९९९ मध्ये तोच कोड जीपीएल परवान्याखाली आला आणि दुरुस्तीला जोर चढला.

दुरुस्त करण्याजोगे पुष्कळ होते. स्मृतीतले पत्ते ३२ बिटांचेच असतात असे कोड गृहीत धरत होता, म्हणून ६४ बिटांच्या संगणकावर तो कोसळे. पडदा २५६ रंगांचाच असला पाहिजे, असाही त्याचा आग्रह होता. यावर आधार मिळाला तो सॅम लँटिंगा यांनी १९९८ मध्ये सुरू केलेल्या ‘एसडीएल’ लायब्ररीचा. खिडकी उघडणे, कळफलक वाचणे, आवाज बाहेर काढणे ही कामे ती प्रत्येक संगणकावर एकाच पद्धतीने करून देते. त्याच खुल्या कोडवर उभ्या राहिलेल्या सायमन हॉवर्ड यांच्या ‘चॉकलेट डूम’ने २००५ पासून मूळ अनुभव जसाच्या तसा ठेवण्याचा ध्यास घेतला. संगीतापुढे दोन वाटा होत्या. एक, यामाहाच्या चिपची गणिती नक्कल करून तोच पातळ, धातूसारखा नाद मिळवायचा. दुसरी, खऱ्या वाद्यांचे नमुने साठवलेला साउंडफाँट घेऊन फ्लुइडसिंथसारख्या प्रोग्रामकडून चाल वाजवायची. दुसरी कानाला अधिक गोड लागते. पण त्या काळी अनेक घरांत हा गेम ज्या चिपवर ऐकला गेला तिचा नाद पहिलीच देते, म्हणून जतनाच्या दृष्टीने पहिल्या वाटेचे मोल अधिक.

बिल्डचे आणि संगीताचे नूतनीकरण बहुधा जोडीने होते, त्याचे कारण इथेच आहे. फ्लुइडसिंथ घ्यायचा तर त्याची लायब्ररी बिल्डला सापडली पाहिजे, ध्वनिमुद्रित चाली घ्यायच्या तर ‘व्हॉर्बिस’ या ध्वनिफाइलींच्या प्रकाराची. एखादी लायब्ररी नसेल तर तेवढी सोय वगळून बाकीचे इंजिन तयार झाले पाहिजे. हाताने लिहिलेल्या मेकफाइलीला हा व्याप झेपत नाही. सीमेक लायब्ररी शोधतो, सापडल्या तेवढ्या जोडतो आणि हेच काम विंडोज, मॅक, लिनक्सवर सारखेच करतो.

ध्वनिमुद्रित संगीताने वेगळेच प्रश्न आणले. सीडीच्या दर्जाच्या ध्वनीला मिनिटाला सुमारे १० मेगाबाइट लागतात. १९९६ च्या ‘क्वेक’मध्ये ट्रेंट रेझ्नर यांचे संगीत थेट गेमच्या सीडीवर होते, त्यामुळे सीडी काढली की संगीत बंद पडे. फाइल लहान करायला एमपी३ होते, पण त्यावर पेटंट होते आणि एन्कोडर चालीच्या आरंभी व शेवटी शांततेचा तुकडा जोडत असे. चाल फिरून सुरू होताना तो झटका कानाला टोचतो. २००२ मध्ये पहिली पक्की आवृत्ती निघालेल्या ‘ऑग व्हॉर्बिस’ने दोन्ही अडचणी सोडवल्या. मात्र आयम्यूजची लवचिकता हरवली. चालीचे थर वेगवेगळे मुद्रित करून प्रसंगानुसार मिसळणाऱ्या ‘एफमॉड’, ‘वाइज’ अशा साधनांनी ती हळूहळू परत आणली.

पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने अनरियल इंजिन ४ वर ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ केला, तो या टप्प्यानंतर. अनरियल मार्च २०१५ पासून वापरायला मोफत झाले आणि कमाई झाल्यावरच हिस्सा द्यायची अट राहिली. लहान चमूला अशा इंजिनाचे दार त्यामुळेच उघडले. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयन मॉड यांच्या या कंपनीने २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न केला, तो फसला, तरी काम थांबले नाही. १८ ऑगस्ट २०२० रोजी राजी निन्टेन्डो स्विचवर आला आणि ऑक्टोबरात इतर यंत्रांवर. इतक्या यंत्रांसाठी अनरियलचे स्वतःचे बिल्ड टूल आहे. प्रत्येक विभागाचे वर्णन सी शार्प भाषेतल्या छोट्या फाइलीत असते. अनरियलची ध्वनियंत्रणाही याच काळात नव्याने लिहिली गेली. पूर्वी प्रत्येक यंत्राची ध्वनिव्यवस्था वेगळी होती, तिच्या जागी सगळीकडे सारखाच आवाज देणारा एकच ऑडिओ मिक्सर आला.

राजीचे संगीत ग्रीक संगीतकार लिनॉस झेलॉस यांनी भारतीय धाटणीत रचले आहे. मिडीच्या सूचनांत असे संगीत बसवणे अवघड जाते. सप्तकाचे बारा समान भाग हाच मिडीचा पाया आहे, आणि स्वर वाकवण्याची आज्ञा चॅनेलवरच्या सगळ्या स्वरांना एकदम लागू होते. मींड आणि श्रुती यांना ध्वनिमुद्रणच न्याय देते. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत राजीला हिंदी संवाद मिळाले.

पुण्याच्याच सुपरगेमिंगचा ‘इंडस’ ऑक्टोबर २०२४ मध्ये आला, तो युनिटी इंजिनावर. युनिटीची अंगभूत ध्वनियंत्रणा एफमॉडवर उभी आहे, आणि एफमॉड १९९५ मध्ये सुरू झाला तो ‘मॉड’ फाइली वाजवण्यासाठी. त्या फाइलींचा जन्म १९८७ मध्ये कार्स्टन ओबार्स्की यांनी अमिगा संगणकासाठी लिहिलेल्या ‘अल्टिमेट साउंडट्रॅकर’मधला. मॉडमध्ये वाद्यांचे छोटे ध्वनिमुद्रित नमुने आणि ते वाजवण्याच्या सूचना एकाच फाइलीत असत.