जीपच्या मागच्या चाकाला डिस्क ब्रेक: १९०२ पासूनची गोष्ट

आजचा विषय माझ्या मामांनी दिलाय. माझं आजोळ धामणगाव बढे, बुलढाणा जिल्ह्यातल्या मोताळा तालुक्यातलं. मामांकडे जुनी महिंद्रा सीजे-३बी जीप आहे, चारही चाकांना ड्रम ब्रेक. मोताळ्याहून बुलढाण्याला जायचं तर राजूर घाट लागतो. चढताना काही वाटत नाही, जीव अडकतो तो उतरताना. तर मामांचा फोन आला: "काय रे, मागच्या चाकाइले बी डिस्क लावून टाकू काय? पुण्यातली पोरं लावतात म्हनते."

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्यात एक शिस्त असते: जुना कोड बदलण्याआधी तो तसा का लिहिला, हे शोधा. तेच ब्रेकचं करूया.

गंमत म्हणजे ड्रम आणि डिस्क जवळपास एकाच वयाचे. १९०२ मध्ये फ्रान्समध्ये लुई रेनॉने ड्रम ब्रेक वापरात आणला आणि त्याच वर्षी इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. पण लँचेस्टरचे पॅड तांब्याचे. धातूवर धातू घासून कर्कश आवाज यायचा, आणि तेव्हाच्या धुळीच्या रस्त्यांवर पॅड टिकायचे नाहीत. ड्रम मात्र झाकलेला. शिवाय त्यात एक हुशारी आहे. फिरणारा ड्रम पुढच्या शूला स्वतःच आत खेचून घेतो, त्यामुळे पायाने थोडं दाबलं तरी ब्रेक जोरात लागतो. बूस्टर नसलेल्या गाडीसाठी ही मोठीच सोय.

म्हणून १९४१ मध्ये अमेरिकन सैन्यासाठी विलिस एमबी जीप बनली, तेव्हा चारही चाकांना ऑइलवर चालणारे ड्रम बसले. युद्धानंतर १९४७ मध्ये महिंद्राने मुंबईत विलिस जीपचे सुटे भाग आणून जोडायला सुरुवात केली. १९५३ ला अमेरिकेत सीजे-३बी आली. तिचं उत्पादन तिकडे १९६८ ला थांबलं, पण आपल्याकडे ती पुढे कितीतरी वर्षं बनत राहिली. मामांच्या जीपचे ब्रेक म्हणजे मुळात युद्धकाळातलं डिझाईन.

मग डिस्क परत कधी आले? १९५३ ला ल मान्सची २४ तासांची रेस जग्वार सी-टाईपने जिंकली, डनलपच्या डिस्क ब्रेकवर. कारण उष्णता. ड्रम तापला की प्रसरण पावतो, शूपासून लांब जातो आणि पेडल खोल जायला लागतं. डिस्क तापली तर पॅडच्या दिशेनेच जाड होते, आणि उघडी असल्याने लवकर थंडही होते. १९५५ च्या सित्रोएन डीएसला डिस्क मिळाले, पण फक्त पुढे. मागे ड्रमच!

का? थोडं गणित करू. जीपचा व्हीलबेस ८० इंच, म्हणजे साधारण २ मीटर. गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५ सेंटीमीटरवर धरा. जोरात ब्रेक मारला, ०.६ जी इतका. अशा वेळी एकूण वजनाच्या जवळपास १९ टक्के भार मागून पुढे सरकतो. उभ्या गाडीत ५०-५० असलेलं वजन ६९-३१ होतं. मागच्या चाकांकडे पकडच कमी उरते. तिथे जास्त ताकदीचा ब्रेक लावला तर मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडीची शेपूट फिरते. घाटाच्या ओल्या वळणावर हे किती महागात पडेल, सांगायला नको.

आता मामांच्या जीपचं बघू. मागचा ड्रम काढून डिस्क आणि कॅलिपर बसवणं हे चांगल्या मिस्त्रीला अवघड नाही. पण एक लायब्ररी अपडेट केली की दहा ठिकाणी एरर येतात ना, तसंच आहे हे.

एक, डिस्कमध्ये ती स्वतःहून खेचून घेण्याची हुशारी नाही, म्हणून पायाला जास्त जोर लागतो. बूस्टर हवा. कॅलिपरला ऑइलही जास्त लागतं, म्हणजे मास्टर सिलिंडर बदलायचा.

दोन, जुन्या जीपचा मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, चासिसवर असतो. तो कॅलिपरपेक्षा खाली राहिला तर ऑइल मागे उतरतं आणि पेडल पहिल्या दाबाला रिकामं जातं. त्यासाठी लाईनमध्ये दाब धरून ठेवणारा छोटा व्हॉल्व्ह लागतो. ड्रमचा व्हॉल्व्ह तसाच ठेवला, तर पॅड सतत घासत राहतात.

तीन, पुढच्या-मागच्या दाबाचं प्रमाण नव्याने बसवावं लागतं.

हँडब्रेकच्या बाबतीत मात्र विलिस घराणं नशीबवान. त्यांचा हँडब्रेक चाकात नाही, ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवर आहे. मागे डिस्क लावले तरी तो शाबूत राहतो. ज्या गाड्यांचा हँडब्रेक मागच्या ड्रममध्ये असतो, त्यांना वेगळा कॅलिपर शोधावा लागतो.

कायदाही लक्षात ठेवा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: कंपनीच्या मूळ रचनेशी न जुळणारा बदल परवानगीशिवाय चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आधी आरटीओत विचारा.

मग मागे डिस्क नकोच का? तसं नाही. चिखल आणि पाण्यातून रोज जाणाऱ्या गाडीला फायदा आहे, कारण ड्रममध्ये शिरलेलं पाणी आतच बसतं, डिस्क मात्र लगेच पुसली जाते. २०२४ च्या थार रॉक्सला कंपनीनेच मागे डिस्क दिले, पण तिथे अख्खी सिस्टिम त्या हिशोबाने बनलीय.

मामांना मी क्रम सांगितला. आधी आहेत ते ड्रम उघडा: लायनर, व्हील सिलिंडर, आणि ताजं ब्रेक ऑइल. जुनं ऑइल हवेतली ओल शोषतं, घाटात उकळतं आणि पेडल स्पंजसारखं होतं. मग दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर, कारण मूळ डिझाईनमध्ये सर्किट एकच. एक पाइप फुटला की चारही ब्रेक गेले. मग पुढे डिस्क. आणि मागचे डिस्क सगळ्यात शेवटी.

मामा म्हणाले, "म्हंजे शेपटीपासून नाई, तोंडापासून सुरू करा लागते." अगदी तेच. आणि तोवर घाट उतरताना गिअर खालचाच ठेवा, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. हा सल्ला १९४१ च्या जीपलाही लागू होता, आजच्या थारलाही आहे.

तुमच्या गावातली कुठली जुनी गाडी अजून धावते? कळवा नक्की. भेटूया पुढच्या भागात!