आच्छादन (उद्यानविद्या)

आच्छादन म्हणजे झाडे, झुडपे व रोपे यांच्या मुळांभोवतीची उघडी माती तणस, पालापाचोळा, तूस, लाकडाचा चुरा यांसारख्या पदार्थांच्या थराने झाकण्याची पद्धत होय. शेतकरी व माळी यांच्या बोलण्यात 'मल्चिंग' हा शब्दही रूढ आहे. मात्र भाजीपाल्याच्या वाफ्यांवर अंथरल्या जाणाऱ्या प्लास्टिक कागदासाठी तो प्रामुख्याने वापरला जातो. प्रस्तुत लेखात मंगल कार्यालये व लॉन, महाविद्यालये, पेट्रोल पंप, राईस मिल अशा आवारांतील शोभेच्या लागवडीसाठी शरद ऋतूत केल्या जाणाऱ्या सेंद्रिय आच्छादनाचा विचार गोंदिया जिल्ह्यातील आमगाव परिसराच्या संदर्भात केला आहे.

ऋतुमान व प्रयोजन

थंड हवामानाच्या देशांत शरद ऋतूतील आच्छादनाचा एक मुख्य हेतू मुळांचे गोठण्यापासून रक्षण हा असतो आणि त्याच काळात होणाऱ्या पानगळीमुळे साहित्यही आयते मिळते. पूर्व विदर्भात या दोन्ही गोष्टी लागू पडत नाहीत. गोंदियाची थंडी विदर्भात कडक मानली जात असली, तरी येथे जमीन गोठत नाही. साग, पळस, मोह इत्यादी वृक्षांची मोठी पानगळ हिवाळ्याच्या उत्तरार्धात व वसंताच्या तोंडावर होते. त्यामुळे पाश्चात्त्य पुस्तकांतील वेळापत्रक येथे जसेच्या तसे वापरणे चुकीचे ठरते.

येथील खरा प्रश्न ओलाव्याचा आहे. वर्षभराच्या पावसापैकी बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो, ऑक्टोबरमध्ये मोसमी वारे परततात आणि पुढील जूनपर्यंत पावसाचा भरवसा नसतो. मातीत साठलेले पाणी आश्विन-कार्तिकाच्या उन्हाने उडू लागते. भारी जमीन आवळून तिला भेगा पडतात. या उरलेल्या ओलीचे मोल येथील शेतकऱ्याला पूर्वीपासून ठाऊक आहे. उभ्या धानात लाखोळी किंवा जवस फेकून पेरण्याची उतेरा पद्धत याच ओलीवर चालते. बागेतील आच्छादन हा तीच ओल राखण्याचा दुसरा मार्ग होय. शिवाय तुळशीच्या लग्नानंतर विवाहांचा हंगाम सुरू होत असल्याने लॉनचालकांना आवार नीटनेटके करण्याची गरजही याच सुमारास भासते.

साहित्य

आमगाव हा धानपट्टा असल्यामुळे तणस हे सर्वांत जवळचे साहित्य होय. हलक्या धानाची कापणी दिवाळीच्या आसपास होते आणि भारी धानाची त्यानंतर. म्हणजे गरज व पुरवठा यांचा मेळ आपोआप बसतो. तथापि तणस हा गुरांचा वर्षभराचा चारा आहे, ही बाब दुर्लक्षून चालत नाही. गोठ्यात जाणारे चांगले तणस विकत घेऊन फुलझाडांखाली अंथरण्यापेक्षा पावसात भिजलेले, कुजट व जनावरे न खाणारे तणस वापरणे अधिक योग्य.

तूस, म्हणजे तांदळावरील कडक टरफल, राईस मिलमधून मिळते. त्यात सिलिका भरपूर असल्याने ते सावकाश कुजते, परंतु हलके असल्याने वाऱ्याने उडते व पाण्यावर तरंगते. म्हणून ते ओले करून किंवा कंपोस्टमध्ये मिसळून वापरतात. सागाची पाने सुटी टाकल्यास एकमेकांवर चिकटून छपरासारखी होतात आणि पाणी खाली जाऊ देत नाहीत. ती चुरून घ्यावी लागतात. कापलेले हिरवे गवत वाळवून पातळ थरातच टाकले जाते.

पद्धत

पाऊस थांबल्यानंतर जमीन वाफशावर येईपर्यंत थांबणे आवश्यक असते. चिखलावर थर दिल्यास मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. फार उशीर केल्यास कोरडी मातीच झाकली जाते. प्रथम तण मुळासकट काढून हलकी खुरपणी करतात, शेणखत देतात आणि मग जास्वंद, कण्हेर, बोगनवेल, मेंदीचे कुंपण यांच्या बुडाशी ५ ते १० सेंमी जाडीचा थर पसरतात. खोडाभोवती १० ते १५ सेंमी जागा मोकळी ठेवतात. खोडाला टेकवून रचलेला ढीग हा सर्वाधिक आढळणारा दोष असून त्यामुळे साल कुजते व वाळवी लागते. हिरवळीवर आच्छादन करीत नाहीत.

तणसात नत्राच्या तुलनेत कर्बाचे प्रमाण सुमारे ६० ते ८० पट असते. ते मातीत मिसळल्यास कुजविणारे जिवाणू मातीतील नत्र वापरतात आणि रोपे पिवळी पडतात. पृष्ठभागावर ठेवल्यास हा परिणाम बराच कमी होतो. फेब्रुवारी-मार्चमधील पानगळीचा पाला घेऊन थराची भर करता येते. कुजून उरलेला भाग पावसाळ्यापूर्वी खतखड्ड्यात टाकतात, अन्यथा त्यात गोगलगायी व बुरशी वाढते.

आग व कायदा

वाळलेले तणस क्षणात पेट घेते. विवाहातील फटाके, विजेची तात्पुरती जोडणी, स्वयंपाकाच्या भट्ट्या व पेट्रोल पंपाचा परिसर यांजवळ ते टाकणे धोक्याचे असते. तेथे खडी किंवा कुजलेले कंपोस्ट हाच पर्याय उरतो. उन्हाळ्यात थर अधूनमधून ओला ठेवतात.

पालापाचोळा गोळा करून पेटविण्याची सवय मात्र सर्वत्र दिसते. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये बागेतील कचरा आपल्या आवारातच वेगळा साठविण्याची तरतूद होती. डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळल्यास ५,००० रुपये व मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई आकारण्याचा आदेश दिला.

शेतीतील संदर्भ

जपानचे मासानोबू फुकुओका यांनी भाताचे तणस शेतातच परत पसरविण्यावर भर दिला. मूळचे अमरावती जिल्ह्यातील, २०१६ चे पद्मश्री सुभाष पाळेकर यांच्या नैसर्गिक शेतीत बीजामृत, जीवामृत व वाफसा यांच्यासह आच्छादन हे चार आधारांपैकी एक मानले जाते.