निलंबन, मोटारगाडीचे
मोटारगाडीची चाके व सांगाडा यांना लवचिकपणे जोडणारी यंत्रणा. धक्के सौम्य करणे आणि चाके रस्त्यावर टेकती ठेवणे, ही तिची दोन कार्ये होत. वळताना व ब्रेक लावताना गाडी ताब्यात राहणे दुसऱ्या कार्यावर अवलंबून असते.

आरंभीच्या मोटारींनी घोडागाडीतील पोलादी पाट्यांची कमान स्वीकारली. दोन्ही चाके एकाच दृढ आसावर असल्याने एकाचा धक्का दुसऱ्यास पोहोचे. लान्चा लॅम्डा (१९२२) या इटालियन गाडीत पुढील चाके स्वतंत्रपणे खालीवर होऊ लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर मुंबईत जुळणी होणाऱ्या जीपला पुढेमागे पाटेच होते. कुर्ला येथील फियाट ११०० मध्ये पुढे मळसूत्री स्प्रिंगांचे स्वतंत्र निलंबन व मागे पाटे असत. पुण्याच्या टाटा इंडिकात (१९९८) चारही चाके स्वतंत्र झाली.

सुधारणा निवडताना हा क्रम विसरून चालत नाही. समोरासमोरच्या चाकांना जोडणारा पीळदांडा जाड केल्यास वळणावर गाडी कमी कलते. परंतु स्वतंत्र केलेली चाके पुन्हा काही अंशी बांधली जातात. यवतमाळ जिल्ह्यातील कळंबच्या परिसरात काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. तीवरील रस्ते त्यामुळे उंचसखल होतात. अशा रस्त्यावर जाड पीळदांडा व अतिकडक स्प्रिंगा यांमुळे चाक उचलले जाऊन पकड सुटते. तेथे झिजलेले धक्काशोषक व रबरी बुश बदलणे, ही पहिली व बहुधा पुरेशी सुधारणा ठरते.