दूध पचत नाही, म्हणजे नेमके काय?

पूर्णान्न म्हणून ज्याची महती लहानपणापासून कानी पडते, तेच दूध अनेक प्रौढांना सोसत नाही. पेलाभर दूध घेतले की तास-दोन तासांत पोट फुगते, गुरगुरते, कळा येतात, जुलाब होतात. ‘दूध बाधते’ असे घरात म्हणतात. डॉक्टर त्याला ‘लॅक्टोज इनटॉलरन्स’ म्हणतात.

लॅक्टोज ही दुधातील साखर. लहान आतड्याच्या अस्तरातील लॅक्टेज हे विकर तिचे ग्लुकोज व गॅलॅक्टोजमध्ये विभाजन करते, मगच ती शोषली जाते. विकर कमी पडल्यास न पचलेली साखर पाणी ओढून घेत मोठ्या आतड्यात उतरते. तेथील जिवाणू ती आंबवतात आणि वायू तयार होतो. अंगावरचे दूध सुटल्यानंतर लॅक्टेज घटत जाणे हा खरे तर सस्तन प्राण्यांचा नियमच. जगातील सुमारे दोन-तृतीयांश प्रौढांत तसेच घडते. मोठेपणीही विकर टिकवणारा जनुकीय बदल फिनलंडमधील संशोधकांनी २००२ मध्ये शोधला. भारतात तो उत्तरेकडे अधिक, दक्षिणेकडे कमी आढळतो. तेव्हा याला ‘रोग’ म्हणणेही तसे धाडसाचेच.

दुधाची ॲलर्जी मात्र निराळी. तीत शरीराची प्रतिकारयंत्रणा दुधातील प्रथिनांवर उलटते. अंगावर गांधी उठतात, कधी श्वास कोंडून जिवावर बेतते. अशा रुग्णाला दुधाचा थेंबही वर्ज्य असतो. लॅक्टोजचे तसे नाही.

लहान मुलांत जुलाबाच्या आजाराने आतड्याचे अस्तर दुखावले, तर काही दिवस लॅक्टोज पचत नाही. अस्तर भरून आले की तक्रारही जाते. या काळात बाळाचे स्तनपान बंद करू नये.

निदानासाठी डॉक्टर प्रथम दोन आठवडे दुधाचे पदार्थ थांबवून पाहतात व पुन्हा सुरू करून लक्षणे परततात का, हे तपासतात. शंका उरल्यास श्वासातील हायड्रोजनची चाचणी होते. उपाशीपोटी लॅक्टोजचे द्रावण पाजून ठरावीक वेळाने श्वास तपासला जातो; हायड्रोजन मूळ पातळीपेक्षा दशलक्षांश २० भागांनी वाढला, तर लॅक्टोज पचत नाही असे मानतात.

उपचार म्हणजे दूध कायमचे तोडणे नव्हे. बहुतेकांना एका वेळी १२ ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे साधारण कपभर दूध, जेवणासोबत घेतल्यास फारसा त्रास होत नाही. चहातले दूध तर किरकोळच. दह्यातील जिवाणू स्वतःच लॅक्टोज पचवण्यास हातभार लावतात. पनीरमधील बरेचसे लॅक्टोज निवळीबरोबर जाते, तुपात ते जवळजवळ नसतेच. याउलट खव्याच्या पेढे-बर्फीत ते एकवटलेले असते. देशी गाय, म्हैस वा शेळी, दूध बदलून उपयोग नाही, लॅक्टोज सर्वांत असते. लॅक्टेजच्या गोळ्या व लॅक्टोजविरहित दूधही मिळते.

दूध कमी केले, तर कॅल्शियमची सोय हवी. प्रौढाला दिवसाकाठी १००० मिलिग्रॅमची गरज असते. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम मिळते. तीळ आणि काट्यांसह खाल्ली जाणारी बारीक मासळीही उपयुक्त. वजन घटणे, शौचातून रक्त, ताप किंवा रक्तक्षय असल्यास मात्र दुधाला दोष देत न बसता पोटविकारतज्ज्ञांना दाखवावे.