डेक्कन कॉलेज आणि त्याचे माजी विद्यार्थी

पदवी हातीं पडली म्हणजे विद्यार्थ्याला प्रथम आनंद होतो. पण वसतिगृहांतील खोली रिकामी करण्याची वेळ आली कीं त्याचें मन जड होतें. ज्या घंटेचा, ज्या परीक्षेचा आणि ज्या खाणावळींतील पातळ आमटीचा चार वर्षें कंटाळा केला, त्याच गोष्टी आतां गोड वाटूं लागतात. पुढें संसारांत पडल्यावर ही माया बहुधा स्नेहसंमेलनांतील गप्पांत व दोन उसाशांत संपून जाते. परंतु महाराष्ट्राच्या विद्येच्या इतिहासांत असा एक प्रसंग आहे, कीं ज्या वेळीं या मायेनें कोर्टाची पायरी चढण्याचें धैर्य दाखविलें. ही हकीकत पुण्याच्या डेक्कन कॉलेजची होय.

या कॉलेजचें मूळ पेशवाईपर्यंत जाऊन पोंचतें. विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा वाटण्याची पेशव्यांची चाल होती. पेशवाई बुडाल्यावर मौंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनीं त्या दक्षिणेच्या रकमेंतील कांहीं भाग वेगळा काढला आणि ६ ऑक्टोबर १८२१ रोजीं विश्रामबाग वाड्यांत संस्कृत पाठशाळा सुरू झाली. १८५१ सालीं ही पाठशाळा व इंग्रजी शाळा एकत्र होऊन पूना कॉलेज झालें. १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झाल्यावर तें त्यास जोडलें गेलें, आणि १८६४ सालीं त्याला डेक्कन कॉलेज हें नांव मिळालें. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या मोठ्या देणगीमुळें येरवड्याच्या बाजूस त्याची भव्य दगडी इमारत उठली व १८६८ सालीं कॉलेज तेथें राहावयास गेलें.

ही जागा त्या काळच्या शहरापासून लांब, नदीपलीकडे, झाडींत होती. म्हणून पुष्कळ विद्यार्थी तेथेंच वसतिगृहांत राहात. व्याख्यानें संपलीं तरी सोबत संपत नसे. पुस्तकांतील विद्या वर्गांत मिळे. परंतु त्या विद्येचें करावयाचें काय, याचा खल खोल्यांतून आणि नदीकांठच्या फेरफटक्यांतून चाले. या कॉलेजनें महाराष्ट्राला जें दिलें, त्यांतील मोठा वांटा या संध्याकाळच्या बोलण्याचा आहे.

बळवंतराव टिळक येथें आले तेव्हां प्रकृतीनें अगदींच किरकोळ होते. पहिलें वर्ष त्यांनीं तालीम आणि पोहणें यांत घालवून शरीर कमावलें व त्यापायीं परीक्षेचें एक वर्ष खुशाल गमावलें. गणितांत त्यांना केरूनाना छत्र्यांसारखे गुरु लाभले. गोपाळ गणेश आगरकर हे कऱ्हाडजवळच्या टेंभूचे, अत्यंत गरीब घरचे. अंगांत घालावयास एकच सदरा, तो रात्रीं धुऊन सकाळीं घालीत, असें त्यांच्याविषयीं सांगतात. टिळक कायद्याचा आणि आगरकर एम्. ए. चा अभ्यास करीत असतां दोघांचा विचार ठरला, कीं सरकारी नोकरी पत्करावयाची नाहीं. आयुष्य शिक्षणास द्यावयाचें. मुलगा आतां मोठ्या पगारावर चढेल, ही आशा धरूं नये, असें आगरकरांनीं आपल्या आईस पत्रानें कळविलें. ज्या माउलीनें हलाखींत दिवस काढले तिला असें लिहितांना त्या तरुणाला काय वाटलें असेल, याची कल्पनाच करावी.

याच कॉलेजचे जुने विद्यार्थी विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यासह १८८० च्या जानेवारींत न्यू इंग्लिश स्कूल निघालें, एम्. ए. होतांच आगरकर तेथें आले. १८८१ सालीं ‘केसरी’ व ‘मराठा’ हीं पत्रें, १८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ सालीं फर्ग्युसन कॉलेज निघालें. १८८२ सालीं कोल्हापूर प्रकरणांत हे दोघे स्नेही डोंगरीच्या तुरुंगांत एकशें एक दिवस एकत्र राहिले. पुढें त्यांचे मार्ग फुटले व वाद कडवट झाले. तरी १८९५ सालीं आगरकर वारले तेव्हां टिळकांनीं ‘केसरी’ंत मतभेद बाजूस सारून जुन्या सोबत्याचें स्मरण केलें.

आतां दैवाचा खेळ पाहावा. फर्ग्युसन कॉलेज हें एका अर्थानें डेक्कन कॉलेजचेंच अपत्य. १९१६ सालीं न्यू पूना कॉलेज निघालें. तेंच पुढें सर परशुरामभाऊ कॉलेज झालें. पुण्यांत अशीं खासगी कॉलेजें भरभराटल्यावर सरकारी कॉलेजचा खर्च कशाला, असा प्रश्न उभा राहिला, आणि पैशाच्या ओढाताणीच्या काळांत, १९३४ सालीं, मुंबई सरकारनें डेक्कन कॉलेज बंद केलें. लेकरें कर्तीं झालीं, हेंच आईला घराबाहेर काढण्याचें कारण ठरलें!

माजी विद्यार्थ्यांना हें सहन झालें नाहीं. त्यांत वकील होते, अधिकारी होते, केस पिकलेले गृहस्थ होते. त्यांनीं अर्ज-विनंत्यांवर न थांबतां सरकारशीं कोर्टांत झगडा मांडला. अखेर १७ ऑगस्ट १९३९ रोजीं कॉलेजचे दरवाजे पुन्हां उघडले. मात्र तें पूर्वीचें कॉलेज नव्हतें. बी. ए. चे वर्ग परत आले नाहींत. त्या जागीं पदव्युत्तर व संशोधन संस्था आली. ज्या जीवनाच्या आठवणीपोटीं हे लोक झगडले, तें जीवन कांहीं त्यांना परत आणतां आलें नाहीं. त्यांनीं वास्तु राखली आणि ती दुसऱ्यांच्या विद्येसाठीं मोकळी करून दिली.

ती वाया गेली नाहीं. सुमित्र मंगेश कत्रे, हसमुख सांकलिया, इरावती कर्वे, त्र्यंबक शंकर शेजवलकर अशीं माणसें तेथें कामास लागलीं. १९४८ सालीं तेथें संस्कृतच्या ऐतिहासिक महाकोशाचें काम सुरू झालें. सांकलियांच्या पिढीनें नेवासें व इनामगांव येथील उत्खननांतून महाराष्ट्राचा इतिहास हजारों वर्षें मागें नेला. १९९० सालीं संस्थेस अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. टिळकांची खोलीहि तेथें जपून ठेवली आहे.

विद्यार्थिदशेविषयींची ओढ सर्वांनाच असते. आपण जेथें सुखानें राहिलों तेथें पुढच्यांनाहि राहावयास जागा असावी, एवढी खटपट त्या ओढीपोटीं घडली, तर ती ओढ सार्थकीं लागली असें म्हणावें.